वेस्टर्न सिनेमे पहिल्यांदाच बघणार असाल तर: कुठून सुरुवात करायची आणि काय मागे ठेवायचं

वेस्टर्न म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अंगावर पोंचो, तोंडात चिरूट आणि डोळे बारीक केलेला क्लिंट ईस्टवूड येतो. थोड्या आधीच्या पिढीला ‘मॅकेनाज गोल्ड’ आठवतो. मग कुणीतरी उत्साहाने ‘सर्वोत्तम पन्नास’ची यादी शोधतं, पहिल्या नंबरचा सिनेमा लावतं आणि पाऊण तासात बंद करतं. फार संथ आहे, आपल्याला नाही जमणार! माझ्या ओळखीतल्या कितीतरी चांगल्या सिनेमाप्रेमींचं असं झालंय आणि मला दर वेळी हळहळ वाटते. कारण सिनेमा चांगलाच असतो, फक्त तो पहिला बघायचा नसतो.

वेस्टर्न यादीने बघू नका, क्रमाने बघा. या प्रकारातला जवळजवळ प्रत्येक मोठा सिनेमा आधीच्या कुठल्या तरी सिनेमाला उत्तर देत असतो. एकात मार्शल, म्हणजे गावातला कायद्याचा रखवालदार, मदतीसाठी गावकऱ्यांच्या दारोदार फिरतो, तर दुसरा म्हणतो की खरा शेरीफ असं करणारच नाही. एकाने बंदूकबाजाला देव्हाऱ्यात बसवलं, तर पुढचा त्याला डुकरांच्या चिखलात उभा करतो. मूळ प्रश्नच ऐकला नसेल तर उत्तराची गोडी कशी कळणार? खालचा क्रम मी मित्रांना, भाचरांना, ऑफिसातल्या मंडळींना सुचवत आलोय आणि तो बघून पुढेही या सिनेमात रमलेली माणसं बरीच आहेत.

आधी एवढी तयारी करा

- जमेल तेवढा मोठा पडदा. माणूस ठिपक्याएवढा आणि मागे मैलोन्‌मैल पसरलेलं वाळवंट, हे या सिनेमांचं निम्मं बळ आहे. मोबाइलवर तो ठिपका दिसतच नाही.
- टीव्हीच्या सेटिंगमध्ये चित्राचा आकार ‘ओरिजिनल’ ठेवा. १९५० च्या सुरुवातीपर्यंतचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. त्या घालवायला चित्र ताणलं की घोडे बुटके आणि जाडे दिसतात.
- ‘मोशन स्मूदिंग’ किंवा तशा नावाचं जे काही असेल ते बंद करा. त्याने जुना सिनेमा सीरियलसारखा दिसायला लागतो.
- इंग्रजी सबटायटल्स. टेक्सासचे हेल, तोंडातल्या तोंडात बोलणारे म्हातारे, जुन्या शिव्या. इंग्रजी कितीही चांगलं असलं तरी सबटायटल्स लावाच.
- अमेरिकेचा साधा नकाशा. टेक्सास, कॅन्सस, वायोमिंग, मोंटाना, ॲरिझोना आणि ओरेगन एवढी राज्यं सापडली तरी पुरे.
- सिनेमाची मूळ लांबी माहीत असू द्या. काही वेस्टर्नच्या कापलेल्या आवृत्त्या फिरत असतात. त्याबद्दल पाचव्या पायरीत सांगतो.

पायरी १: थोडा इतिहास, अर्ध्या तासाचा

एवढं केलंत तरी पुढचे सगळे सिनेमे सोपे जातील. वेस्टर्नमधला काळ फार मोठा नाही. बहुतेक गोष्टी १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यापासून १८९० पर्यंतच्या पंचवीस वर्षांत घडतात. म्हणून नायक बहुधा हरलेल्या नाहीतर जिंकलेल्या सैन्यातून परतलेला असतो आणि त्याच्या बोलण्यात त्या युद्धाची सल असते.

१८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षं तिथे राहून ती कसणाऱ्याला जवळपास फुकट मिळू लागली. त्यामुळे छोटे शेतकरी पश्चिमेला निघाले. तिथे आधीपासून मोकळ्या कुरणांवर हजारो गुरं चारणारे बडे मालक होतेच. १८७४ मध्ये काटेरी तारेचं पेटंट निघालं, कुंपणं पडायला लागली आणि भांडण पेटलं. ‘शेन’ (१९५३) या अप्रतिम सिनेमाची कथा म्हणजे हेच भांडण. १० मे १८६९ रोजी युटामध्ये पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले लोहमार्ग जोडले गेले. त्या आधीच कॅन्ससपर्यंत रेल्वे आली होती, म्हणून टेक्सासची गुरं चालवत तिथल्या स्टेशनापर्यंत न्यायची आणि पूर्वेकडे पाठवायची असा धंदा सुरू झाला. काउबॉय म्हणजे हे काम करणारा पगारी गडी. ‘रेड रिव्हर’ (१९४८) बघाल तेव्हा हे आठवा.

आणि हे सगळं ज्या जमिनीवर घडलं ती आधी कुणाची तरी होती. सरकारने मूळ रहिवाशांशी करार केले आणि मोडले. २९ डिसेंबर १८९० ला वुंडेड नी इथे लष्कराने लाकोटा लोकांची कत्तल केली, त्यात बायका-मुलंही होती. जुने वेस्टर्न या बाजूबद्दल बहुतेक वेळा गप्प राहतात किंवा खोटं बोलतात. हे आधीच माहीत असलं की ती शांतताही ऐकू येते.

पायरी २: ‘स्टेजकोच’ (१९३९)

सुरुवात इथूनच, दुसरीकडून नको. दिग्दर्शक जॉन फोर्ड, लांबी ९६ मिनिटं, कंटाळ्याला जागा नाही. घोडागाडीत कोंबलेले एकमेकांना न मानवणारे प्रवासी, बाहेर मूळ रहिवाशांच्या अपाचे टोळीची भीती. जॉन वेनला या सिनेमाने स्टार केलं. वाळवंटातून उभे राहिलेले ते लाल सुळके, ॲरिझोना आणि युटाच्या सीमेवरची नाव्हाहो लोकांची मॉन्युमेंट व्हॅली, हीच पुढे साऱ्या जगाच्या मनातली ‘पश्चिम’ झाली.

गोळीबार आणि पाठलाग सगळेच बघतात. तुम्ही जेवणाचा प्रसंग नीट बघा. गाडी एका ठाण्यावर थांबते. वेश्या म्हणून गावाने हाकलून दिलेल्या डॅलसला तुरुंगातून पळालेला रिंगो (जॉन वेन) अदबीने टेबलाशी खुर्ची देतो. समोर लष्करी अधिकाऱ्याची घरंदाज बायको बसलेली. तिची नजर बदलते. तिच्याबरोबरचा सभ्य गृहस्थ लगेच तिला खिडकीजवळ बसायला सुचवतो, तिथे हवा थंड आहे म्हणे. एकेक करून टेबलाचं ते टोक रिकामं होतं. रिंगोला वाटतं, आपण कैदी म्हणून लोक उठले. डॅलसला खरं कारण ठाऊक आहे, पण ती ताटाकडे बघत राहते. कुणी आवाज चढवत नाही. सोवळं-ओवळं बघत वाढलेल्या आपल्या माणसाला हा प्रसंग कुणी समजावून सांगायला नको.

सापळा: या सिनेमातले अपाचे म्हणजे निव्वळ धोका, त्यांना चेहराच नाही. ते खटकलं पाहिजे. पुढच्या पायऱ्यांत त्याचा हिशेब येतो.

पायरी ३: ‘हाय नून’ (१९५२) आणि ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९), जोडीने

हे दोन एकाच शनिवार-रविवारी बघा. ‘हाय नून’मध्ये नुकतंच लग्न झालेला मार्शल विल केन गाव सोडून निघालेला असतो आणि बातमी येते की त्याने तुरुंगात धाडलेला गुंड सुटलाय, दुपारी बाराच्या गाडीने येतोय. केन मदत मागत गावभर फिरतो. प्रत्येकाकडे न येण्याचं कारण तयार असतं. सिनेमा साधारण दीड तासाचा आणि गोष्टही जवळजवळ तेवढ्याच वेळात घडते, भिंतीवरची घड्याळं आपल्याबरोबर चालतात. पटकथाकार कार्ल फोरमन यांना त्याच सुमारास अमेरिकी संसदेच्या समितीपुढे कम्युनिस्टविरोधी चौकशीसाठी बोलावलं होतं. त्यांनी साथीदारांची नावं सांगायला नकार दिला, हॉलिवूडची दारं बंद झाली आणि ते इंग्लंडला गेले. सहकारी कसे एकेक करून मागे सरतात, हे त्यांनी अनुभवून लिहिलंय.

दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स आणि जॉन वेन या दोघांनाही तो सिनेमा अजिबात रुचला नाही. व्यावसायिक माणूस सामान्य नागरिकांकडे मदत मागत फिरेल कशाला, असं त्यांचं म्हणणं. म्हणून हॉक्सनी ‘रिओ ब्राव्हो’ केला. यातला शेरीफ आपणहून आलेली मदतही नाकारतो. त्याच्या बाजूला उरतात एक दारुडा, एक लंगडा म्हातारा आणि एक कोवळा पोरगा. लांबी १४१ मिनिटं. मधे माणसं तुरुंगात बसून गाणी म्हणतात, तेव्हा ‘पुढे काय?’ असं करू नका. त्यांची सोबत हाच सिनेमा आहे.

दोन्ही संपल्यावर घरात वाद घाला. माझं मत विचाराल तर ‘हाय नून’ जास्त खरा आणि ‘रिओ ब्राव्हो’ जास्त लाडका.

पायरी ४: ‘द सर्चर्स’ (१९५६)

सगळ्या याद्यांत वर असणारा हा सिनेमा चौथ्या पायरीवर ठेवलाय तो मुद्दाम. आधी जॉन वेनवर विश्वास बसायला हवा, तरच इथे तो विश्वास हलतो. कोमांची टोळीने पळवून नेलेल्या पुतणीला शोधत ईथन एडवर्ड्स वर्षानुवर्षं भटकतो. पण हळूहळू आपल्या लक्षात येतं की ती सापडली तर हा तिला घरी आणणार की मारणार, याचीच खात्री नाही. द्वेषाने आतून पोखरलेला नायक, आणि तो सर्वांचा लाडका जॉन वेन!

सुरुवातीला एक छोटा क्षण आहे. ईथन निघायच्या तयारीत. आतल्या खोलीत त्याची वहिनी मार्था त्याचा कोट हातावर घेऊन त्यावरून हळूच हात फिरवते. बाहेर पाहुणा आलेला पाद्री कॉफी पितोय. त्याला ते दिसलंय, पण तो नजर सरळ समोर ठेवतो. या दोघांचं कधीकाळी काय होतं, याबद्दल पूर्ण सिनेमात एक शब्द नाही. तेवढ्या काही सेकंदांत सगळं सांगून झालंय. चहा आणायला उठलात तर हे हुकेल.

सापळे दोन. एक, कोमांची सरदाराची भूमिका निळ्या डोळ्यांच्या, जर्मनीत जन्मलेल्या गोऱ्या नटाने केली आहे. दोन, एका मूळ रहिवासी स्त्रीची केलेली थट्टा आज बघवत नाही. सिनेमा थोर आहे आणि त्यात हेही आहे. दोन्ही गोष्टी सोबत घेऊनच तो बघावा लागतो.

पायरी ५: जपानमार्गे स्पेन, आणि तिथून रामनगर

आता ईस्टवूड. पण त्याआधी अकिरा कुरोसावांचा ‘योजिंबो’ (१९६१) मिळाला तर बघाच. दोन टोळ्यांना एकमेकांवर सोडणारा बिननावाचा सामुराई. सर्जिओ लिओने या इटालियन दिग्दर्शकाने हीच गोष्ट घेऊन, ईस्टवूडला नायक करून ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ (१९६४) केला. मूळ जपानी निर्मात्यांनी हरकत घेतली आणि शेवटी त्यांना मोबदला द्यावा लागला. कुरोसावांच्याच ‘सेव्हन सामुराय’चा अमेरिकी अवतार म्हणजे ‘द मॅग्निफिसंट सेव्हन’ (१९६०).

लिओनेंचे सिनेमे अमेरिकेत नव्हे, मुख्यतः स्पेनमध्ये चित्रित झाले. अल्मेरियाचं वाळवंट टेक्सास आणि मेक्सिको म्हणून उभं राहिलं. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) मधलं ते गोल दफनभूमीचं मैदान बुर्गोस प्रांतात स्पॅनिश सैनिकांनी बांधलं होतं. पुढे ते मातीखाली गेलं, आणि हल्लीच्या काळात चाहत्यांनी ते हाताने खणून मोकळं केलं.

इथे नवख्यांची हमखास अडचण होते, म्हणून नीट सांगतो. ओठ आणि आवाज जुळत नाहीत, म्हणजे तुमची प्रत खराब आहे असं नाही. नट आपापल्या भाषेत बोलायचे आणि सगळे आवाज नंतर चढवले जायचे, त्यामुळे ते कुठल्याच भाषेत पूर्ण जुळत नाहीत. लिओने आणि ईस्टवूडचे ‘डॉलर्स’ नावाने ओळखले जाणारे तीन सिनेमे ही एक सलग गोष्ट नाही, तिसऱ्यातला (‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’) काळ तर यादवी युद्धाचा, म्हणजे आधीचा. आणि लांबी तपासा: ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ १६१ मिनिटांचाही मिळतो आणि जवळपास तीन तासांचाही. पहिल्यांदा छोटा घ्या, तो अधिक बांधीव आहे. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’ (१९६८) मात्र १६५ मिनिटांचाच बघा. अमेरिकेत तो २० मिनिटं कापून लावला होता आणि त्याची पार वाट लागली होती.

या शेवटच्या सिनेमाची सुरुवात तिघा बंदूकबाजांच्या वाट बघण्याची. स्टेशन, करकरणारी पवनचक्की, एकाच्या टोपीवर टपटपणारं पाणी, दुसऱ्याच्या चेहऱ्यावर बसणारी माशी. बाकी काही नाही. एन्नियो मोरिकोनेंचं संगीतसुद्धा नाही. घाई असलेल्या दिवशी हा लावू नका.

यानंतर घरातल्या घरात एक प्रयोग: ‘शोले’ (१९७५) पुन्हा लावा. आगगाडीवरचा हल्ला, भाड्याने आणलेले दोन भुरटे, गावाचं रक्षण, ठाकूरच्या कुटुंबावरचा हल्ला. बंगळूरजवळच्या रामनगरच्या खडकांत वेस्टर्नच उभा राहिलाय. ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’मधल्या शेतघरावर किड्यांची किरकिर एकदम थांबते तो प्रसंग आणि ठाकूरच्या घरचा प्रसंग पाठोपाठ बघा, नातं आपोआप दिसेल. ‘शोले’ त्याने लहान होत नाही. जपान, अमेरिका, इटली आणि आपण असा हा एकाच गोष्टीचा प्रवास आहे आणि त्यात आपलंही नाव आहे, याचा मला अभिमान वाटतो.

पायरी ६: मग ‘अनफरगिव्हन’ (१९९२)

बरेच जण इथून सुरुवात करतात, कारण त्याला सर्वोत्तम चित्रपटासह चार ऑस्कर आहेत. कृपया थांबा. ईस्टवूडने ही पटकथा बरीच वर्षं नुसती जवळ ठेवली होती, आपलं वय त्या भूमिकेएवढं व्हावं म्हणून. म्हातारा विल मनी डुकरं पाळतो, घोड्यावर नीट चढता येत नाही, डब्यावर पिस्तुलाचा नेम लागत नाही म्हणून शेवटी घरातून मोठी बंदूक आणतो. आधीचा ईस्टवूड डोळ्यांसमोर असेल तरच यातली वेदना पोचते. सोबत एक लेखक फिरतोय, बंदूकबाजांच्या खोट्यानाट्या शौर्यकथा लिहिणारा. हा सिनेमा त्याच्या डोळ्यांदेखत त्या कथांची शिवण उसवतो.

सॅम पेकिनपाचा ‘द वाइल्ड बंच’ (१९६९) याच्या आसपास बघता येईल. काळ १९१३, मोटारगाड्या आणि मशीनगन आल्यात, जुन्या दरोडेखोरांचे दिवस संपलेत. रक्तपात भरपूर आहे, लहान मुलांसमोर नको.

पायरी ७: मालिका

एकेकाळी अमेरिकी टीव्ही वेस्टर्नने भरलेला होता. १९५९ च्या सुमारास संध्याकाळच्या मुख्य वेळेत तीसच्या आसपास वेस्टर्न मालिका चालू होत्या. ‘गनस्मोक’ १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं चालली, ६३५ भाग, आणि पूर्ण काळ मार्शल मॅट डिलन एकच, जेम्स आर्नेस. सगळे भाग बघायचा विचारही करू नका. १९६१ पर्यंतचे अर्ध्या तासाचे कृष्णधवल भाग घ्या आणि मधूनच कुठलाही लावा, प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र असते. ‘बोनान्झा’ (१९५९–७३) रंगीत आणि कौटुंबिक, घरी आजी-आजोबा असतील तर त्यांच्यासोबत बघायला छान.

एकच मालिका बघायची असेल तर ‘लोनसम डव्ह’ (१९८९). चार भाग, टेक्सासहून मोंटानाला गुरं नेणारे दोन म्हातारे मित्र, रॉबर्ट डुव्हॉल आणि टॉमी ली जोन्स. पहिला भाग रमतगमत जातो. त्याच वेळात ही माणसं तुमची होतात, म्हणून पुढे एकेक जण जातो तेव्हा जिव्हारी लागतं.

‘डेडवूड’ (२००४–०६) सर्वांत श्रीमंत, पण सर्वांत अवघड. एक माहिती आधी हवी: १८६८ च्या करारानुसार ब्लॅक हिल्स लाकोटांच्या होत्या. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडल्याची बातमी पसरली आणि लोक घुसले. म्हणजे डेडवूड ही वस्तीच बेकायदा, तिथे कायदा लागूच नव्हता. शून्यातून व्यवस्था कशी उभी राहते, कोण कुणाला विकत घेतं, हेच ३६ भागांत दिसतं. भाषा एकाच वेळी भरजरी आणि कमालीची शिवराळ आहे. घरात सगळे बसलेले असताना लावू नका, आणि पहिल्या पाच भागांआधी सोडू नका.

अलीकडचं काही हवं तर ‘गॉडलेस’ (२०१७) सात भागांत संपते. ‘यलोस्टोन’ ही आजच्या मोंटानातल्या जमीनदार घराण्याची भाऊबंदकी आहे. बांध, कोर्ट आणि वाटण्या यांत मुरलेल्यांना ती आवडेल, पण वेस्टर्नची ओळख म्हणून तिच्याऐवजी दहा भागांची ‘१८८३’ घ्या.

पायरी ८: दुसऱ्या बाजूने

ही पायरी टाळू नका. फोर्डच्या सिनेमांत नाव्हाहो लोकच अपाचे, कोमांची, शायेन सगळं व्हायचे. १९६४ च्या एका सिनेमात तर शायेन म्हणून उभे राहून ते नाव्हाहो भाषा बोलतात. ‘डान्सेस विथ वुल्व्ह्ज’ (१९९०) मध्ये निदान लाकोटा पात्रं लाकोटा भाषेत बोलतात, जरी नायक गोराच असला तरी. ‘लिटल बिग मॅन’ (१९७०) मधला नट चीफ डॅन जॉर्ज मला आजही त्याहून जवळचा वाटतो.

काउबॉयांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन माणसं मोठ्या संख्येने होती, पडद्यावर ती फारशी दिसली नाहीत. गुलाम म्हणून जन्मलेल्या आणि पुढे डेप्युटी मार्शल झालेल्या बास रीव्ह्जवर २०२३ मध्ये मालिका आली, ती बघा.

आणि ‘मीक्स कटऑफ’ (२०१०). १८४५, ओरेगनच्या वाटेवर भरकटलेली तीन कुटुंबं, संपत आलेलं पाणी. दिग्दर्शक केली रायकार्ट. पुरुष लांब उभे राहून मसलत करतात, ती आपल्याला तुटक तुटकच ऐकू येते, कारण आपण बायकांबरोबर मागे उभे आहोत. चित्र मुद्दाम चौकोनी ठेवलंय, टीव्ही बिघडलेला नाही. एका प्रसंगात मिशेल विल्यम्स बंदुकीत बार भरते. तो बार भरायला खरोखर जेवढा वेळ लागतो तेवढा सगळा आपण बघतो. इथवर क्रमाने आलात तर त्या वेळात तुमचाही श्वास अडकेल.

यापुढे वाटा फुटतात. संथपणा आवडायला लागला असेल तर ‘मकेब अँड मिसेस मिलर’ (१९७१) आणि ‘द पॉवर ऑफ द डॉग’ (२०२१). गप्पा आणि दोस्ती आवडत असेल तर ‘बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड’ (१९६९). दहावी-बारावीतली मुलगी सोबत बघणार असेल तर २०१० चा ‘ट्रू ग्रिट’, त्यातली चौदा वर्षांची मॅटी रॉस मोठमोठ्यांना व्यवहारात गुंडाळते. आणि आज रात्री फक्त पंधरा मिनिटंच असतील तर १९०३ चा मूकपट ‘द ग्रेट ट्रेन रॉबरी’ लावा. लांबी बारा मिनिटांच्या आसपास, हक्क कधीच संपलेत, त्यामुळे फुकट आणि कायदेशीर बघता येतो.